शेपूट आईकडे

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या ‘शेजार’ बालवाडी व पाळणाघराचे आधारस्तंभ माननीय सोमनाथआप्पा गायधनी, पुण्याहून वाट वाकडी करून आलेल्या प्रमुख पाहुण्या तेजलताई, सत्कारमूर्ती कुमारी पल्लवी गावित, पहिल्या रांगेत पदर सावरून बसलेल्या तिच्या मातोश्री भागीबाई, पहिली पाळी संपवून घरी न जाता थेट इथे आलेले पालक, दुसऱ्या पाळीला दांडी मारून आलेले पालक (त्यांची नावं मी घेणार नाही, सुपरवायझरांचे कान लांब असतात) आणि सतरंजीवर बसून माझ्याऐवजी पेढ्यांच्या ताटाकडे बघणाऱ्या माझ्या बाळगोपाळांनो, तुम्हा सर्वांना चंद्रभागा शेवाळेचा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी आत्ता सांगितलं की मोठ्या बाई आज फार भावुक झाल्या आहेत. त्यांचा गैरसमज झालेला दिसतो. मी भावुक नाही. मी जळते आहे. सहकारी मोठी होऊन निघाली की निरोपाच्या भाषणात ‘अभिमान वाटतो’ असं म्हणायची पद्धत आहे. तो मलाही वाटतो, नाही असं नाही. पण अभिमानाच्या आधी हेवा रांगेत उभा आहे आणि आमच्या बालवाडीत रांग मोडलेली मला चालत नाही.

कालच पल्लवी मला म्हणाली, “बाई, भाषण फोनकडून लिहून घेऊ का? एआयला सांगते, मिनिटात देईल.” मी म्हटलं, बघू तरी काय देतोय. दिलं की त्याने. पहिलंच वाक्य होतं, ‘पल्लवीताई म्हणजे अज्ञानाच्या सागरातील तेजस्वी दीपस्तंभ.’ आप्पा, तुम्ही हसताय, पण मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. चला, याला काहीतरी येत नाही. पल्लवी दीपस्तंभ नाही, पल्लवी कटकट आहे. दीपस्तंभ एका जागी उभा राहतो. ही पोरगी सकाळी आल्यापासून ‘बाई हे असं केलं तर, बाई ते तसं केलं तर’ म्हणत माझ्या मागे भुणभुण करते. ते त्या फोनला कसं कळणार?

तर पल्लवी कोण, हे आधी सांगते, कारण तेजलताईंना ती मोठी झालेलीच भेटली. भागीबाई आणि हिरामणभाऊ पेठच्या डोंगरातले. भात निघाला की दोघं सातपूरला बांधकामावर यायचे, कडेवर ही. इथे कारखान्यांच्या भिंती चढवायची कामं चालायची आणि कामावर मूल नेऊ देत नसत. तेव्हा ही आमच्या बालवाडीच्या कोपऱ्यात येऊन बसली. नाक पुसलं तर रडायची, नाही पुसलं तरी रडायची. पुढे ती गावाकडे शिकली, बारावी झाली, बालवाडीचा कोर्स केला आणि मदतनीस म्हणून पुन्हा माझ्याच दारात आली. आता ती पेठच्या पाड्यांवरच्या बालवाड्यांमध्ये जाणार, तिथल्या ताईंना शिकवणार. आणि काय शिकवणार? तर फोन. म्हणजे तिने इथे जे केलं ते. ज्याच्या पायी मी इतके दिवस धुमसले, ते.

ते कळण्यासाठी तुम्हाला आमची एक पद्धत माहीत हवी. पालकांना माहीत आहे, पाहुण्यांसाठी सांगते.

मी मुलांना गोष्ट पूर्ण सांगत नाही. दुपारी त्यांना आडवं करायच्या आधी गोष्ट सुरू करते आणि जिथे सगळे श्वास रोखून बसतात तिथेच थांबते. “मग?” असं कोणी विचारलं की म्हणते, “शेपूट आईकडे.” मग मूल न्यायला जो कोणी येईल, आई, बाप, आजी, शेजारीण, त्याच्या कानात मी फाटकाशी शेपूट सांगते आणि त्याने ते घरी जाता जाता मुलाला सांगायचं. बास, एवढंच. पालक पाळी करून आलेले असतात, मशीनचा आवाज डोक्यात घुमत असतो. अशा दमलेल्या माणसाला पोराशी काय बोलावं ते सुचत नाही. ‘डबा खाल्ला का, पडलास का’ झालं की संपलं. शेपूट असलं की पोर आईचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवून विचारतं, सांग ना. मग आईला बोलावंच लागतं, आणि एकदा बोलायला लागली की ती आपोआप पुढचंही बोलते.

माझी सगळ्यांत चालणारी गोष्ट म्हणजे भोंग्याला घाबरणारी कोंबडी. कोंबडीला अंडं घालायचं असतं. ती कारखान्याच्या भिंतीमागे बसते, तर भोंगा होतो. ती दचकते, उठते. चहाच्या टपरीखाली बसते, पुन्हा भोंगा. बस थांब्यावर बसते, पुन्हा भोंगा. शेवटी तिला एक अशी जागा सापडते की तिथे भोंगा ऐकूच येत नाही. कोणती जागा? शेपूट आईकडे. आणि शेपूट असं, की कोंबडीने अंडं घातलं आईच्या डब्याच्या पिशवीत. या फाटकावर पोरांनी किती आयांच्या पिशव्या उलट्या केल्या आहेत, ते या सभागृहातल्या आयांना विचारा. सायली, मान खाली घालू नकोस, तुझ्या पिशवीतून तर चपाती रस्त्यावर पडली होती.

माझं सगळं वैभव त्या फाटकाशी होतं. लोकांचं दुकान असतं, शेत असतं, माझं फाटक होतं. संध्याकाळी आया माझ्याकडे कान करायच्या, तेव्हा मला वाटायचं की या सगळ्या घरांच्या चुलीपर्यंत मी पोहोचते. शी हिरवी का झाली, दात कुठला आधी येतो, पोर चावतं तर काय करू, सगळं मलाच विचारायच्या. मी राणी होते हो त्या फाटकाची.

आणि मग पल्लवीच्या हातात तो फोन आला.

तेजलताईंच्या संस्थेने दिलेला, त्यात ते एआय. पल्लवी त्याच्याशी गप्पा मारायची, शेजारणीशी मारावी तशी. पहिल्या दिवशी तिने त्याला तीन वर्षांच्या मुलांसाठी गोष्ट मागितली. त्याने काय द्यावं? बर्फाचा माणूस, त्याला गाजराचं नाक. मी म्हटलं, वा वा, आमच्या पोरांनी बर्फ पाहिलाय तो गोळेवाल्याच्या गाडीवर, तेही लाल रंग ओतलेला. पल्लवीने त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, “क्षमस्व, माझी चूक झाली, मी तुमच्या परिसराचा विचार करायला हवा होता.” मी बघतच राहिले. आमच्या घरात इतक्या झटकन चूक कोणी कबूल केलेली नाही. शेवाळे मागच्या रांगेत बसले आहेत, त्यांनी याची नोंद घ्यावी.

दुसऱ्या खेपेला त्याने दिली घंटागाडीची गोष्ट. तिसऱ्या खेपेला द्राक्षाच्या रुसलेल्या मण्याची. पल्लवी मुलांची खरी नावं त्याला देत नसे, मुलांना पडदाही दाखवत नसे. फोन पालथा घालून एका टोपलीत ठेवायची, वर फडकं, आणि आतून आवाज यायचा. मुलं टोपलीभोवती अशी बसायची की आत पिल्लं आहेत. रोज नवी गोष्ट. माझ्याकडे ठरलेल्या गोष्टी, त्याच त्याच, गणपतीच्या आरत्यांसारख्या. याच्याकडे संपतच नाहीत.

पालकांचंही तेच. कोणाचं पोर चावायला लागलं की पल्लवी ते त्या फोनपुढे मांडायची, त्याने सांगितलेलं आधी स्वतः वाचायची, मला दाखवायची आणि मग सोप्या शब्दांत त्या आईला आवाजात पाठवायची. ताप, जुलाब असलं काही असलं तर मात्र फोनला विचारायचं नाही, सरळ दवाखाना, हा नियम तिनेच केला. मी त्यात खोट काढायला बसायचे. मिळायची कधीकधी, तेव्हा माझा दिवस चांगला जायचा. बहुतेक वेळा मिळायची नाही. मी जे धपाटा दाखवून सांगायचे तेच तो गोड बोलून सांगायचा. आणि गोड बोलणं मला जमत नाही, हे तुम्ही आत्ताही ऐकताच आहात.

एवढंही मी सोसलं असतं. पण तो फोन गोष्ट पूर्ण करायचा. शेपटासकट. ‘आणि मग सगळे आनंदाने घरी गेले.’ मुलं समाधानाने झोपायची आणि उठली की त्यांना विचारायला काही उरायचं नाही. संध्याकाळी आया यायच्या, पोर घ्यायच्या, निघायच्या. कोणी माझ्याकडे कान करेना. मी फाटकाशी उभी, नुसती, वॉचमनसारखी.

एक दिवस ही सायली आली. हिची दिशा, तीन वर्षांची, बालवाडीत एक अक्षर बोलत नव्हती. घरी बोलते म्हणायची सायली, पण आमच्याकडे मुकी. हो-नाही करायला मानसुद्धा हलवायची नाही. मी सगळे उपाय केले. गाणी म्हटली, बाहुली दिली, रागावले, विनवण्या केल्या. माझ्या माहेरी सटाण्याकडे रुसलेल्या पोराला विचारतात तसं अहिराणीतही विचारून झालं, “काय व्हयनं वं तुले?” ती नुसती टकामका बघायची. तर त्या दिवशी सायलीने सवयीने माझ्याकडे कान केला. मी तोऱ्यात म्हटलं, “आता शेपूट बंद. गोष्ट पूर्ण होते फोनात.”

तिने दिशाला कडेवर घेतलं. मग म्हणाली, “मंग बाई, आम्ही घरापर्यंत बोलायचं काय?”

या एका प्रश्नासाठी मी तुझी आभारी आहे, सायली. माझ्या मनात तोवर फक्त माझा मान होता. बायांचा रस्ता मुका झाला, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी लगेच पल्लवीला बोलवून झापलं. आणि मला आनंद झाला, हेही सांगून टाकते. सापडली एकदाची खोट. ती बिचारी खाली मान घालून म्हणाली, “मी त्याला सांगायला विसरले बाई. मला वाटलं, शेपूट ठेवायचं हे सगळ्यांनाच ठाऊक असतं.” बघा, ही आमच्या बालवाडीत वाढलेल्या पोरीची चूक. तिला वाटत होतं की जगात सगळीकडे गोष्टीला शेपूट नसतंच, ते आईकडेच मिळतं.

आता पुढचं ऐका, म्हणजे माझ्या अकलेची तुम्हाला कल्पना येईल. पल्लवी जेवायला गेली तेव्हा मी तो फोन घेतला आणि धान्याच्या कोठीत जाऊन दार लावलं. म्हटलं, याची परीक्षाच घेऊ. त्याला म्हटलं, “चंद्रभागाबाईंसारखी गोष्ट सांग.” तो म्हणाला, “चंद्रभागाबाईंविषयी मला माहिती नाही. त्या गोष्ट कशी सांगतात, ते मला सांगाल का?”

हसा तुम्ही. पण मंडळी, मला सांगा, तुम्हाला शेवटचं कधी कोणी विचारलं होतं, की तुम्ही तुमचं काम कसं करता? आप्पा, तुम्ही संस्थेचे अध्यक्ष, तुम्ही मला हजेरी विचारली, खिचडीला तेल किती लागलं ते विचारलं. गोष्ट कशी सांगता, हे कधी विचारलं नाहीत. मी तिथे तांदळाच्या पोत्यावर बसले आणि बोलत सुटले. कोंबडी सांगितली. भोंगा कुठे वाजवायचा, कुठे थांबायचं, पोरांचे डोळे कसे होतात, शेपूट कोणाला द्यायचं आणि का, सगळं सांगितलं. तो मध्ये मध्ये विचारायचा, ‘आणि आजी न्यायला आली तर?’ मी अजून सांगायचे. खिचडी करपल्याचा वास आला तेव्हा बाहेर आले. एक मात्र केलं. कोंबडीचं शेपूट त्याला दिलं नाही. एवढी काही मी खुळी नाही.

खुळीच होते. दुसऱ्या दिवशी दुपारी पल्लवीने टोपलीवर फडकं टाकलं आणि आतून माझी कोंबडी बाहेर आली. भोंगा जागच्या जागी. थांबायचं तिथे थांबली. आणि शेवटी तो आवाज म्हणाला, “शेपूट आईकडे.” पल्लवी माझ्याकडे बघायला लागली. त्याला सांगितलेलं लक्षात राहतं म्हणे. मी मान फिरवून भांडी मोजायला लागले. सवतीला आपल्याच हातांनी आपला शालू नेसवावा, तसं मी केलं होतं.

आता शेपूट द्यायला फोन काही फाटकाशी उभा राहू शकत नव्हता. मला वाटलं, इथे तरी माझी गरज पडेल. पल्लवीने शेपूट आवाजात भरलं आणि पालकांच्या ग्रुपवर टाकलं. म्हणजे जेवणाच्या सुट्टीत आई ऐकणार, चहाला बाहेर आलेला बाप ऐकणार, आणि ज्यांचं पोर रोज शेजारीण नेते, त्यांच्यापर्यंतही ते जाणार. त्या लोकांपर्यंत माझं शेपूट कधी गेलंच नव्हतं. माझी धाव फाटकापर्यंत. त्या दिवसापासून बापलोक घरी गेल्यावर शेपूट सांगायला लागले. चांगलं झालं. मला ते चांगलं झालेलं बघवत नव्हतं, पण चांगलं झालं.

कोंबडीचं शेपूट मी दिलेलं नव्हतं, तर फोनने स्वतःच बनवलं. कोंबडीने अंडं घातलं म्हणे फाटकामागच्या गवतात. मिळमिळीत. गवतात कोणीही अंडं घालेल. पण सायलीने ते ऐकलंच नाही. तिच्या कंपनीत आत फोन नेऊ देत नाहीत, कपाटात ठेवावा लागतो, आणि त्या दिवशी काम इतकं होतं की कपाट उघडायला सवड नव्हती. दिशाने घरी जाताना तिचा चेहरा वळवून धरला. सायलीने कधीकाळी ऐकलेलं माझं शेपूट आठवून सांगायला काय हरकत होती? पण ती दमलेली, तिला काही आठवेना. ती नवऱ्याच्या, शेखरच्या गाडीवर मागे बसली होती, समोर त्याचं डोकं होतं. तिने जे दिसलं ते सांगितलं. अंडं बाबाच्या हेल्मेटात.

दुसऱ्या दिवशी दुपारी टोपली ठेवली होती. गोष्ट अजून सुरू व्हायची होती. दिशा उठली, टोपलीपाशी गेली, तिने फडकं उचललं आणि खणखणीत आवाजात त्या फोनला म्हणाली, “गवतात नाय. बाबाच्या हेल्मेटात हाय.” गवताचं तिला बरोबरीच्या पोरांनी सांगितलं असणार.

फोन म्हणाला, “अरे वा, हेल्मेटात? मग बाबांनी हेल्मेट कसं घातलं?” आणि ती सांगायला लागली. बाबाने डोक्यावर अंडं फोडलं, बाबाचे केस चिकट झाले, आई हसली. बोलतच राहिली. पल्लवीच्या डोळ्यांना धारा लागल्या. मी आत जाऊन शिजलेली खिचडी ढवळत बसले.

माझ्याशी नाही. पल्लवीशी नाही. मी त्या मुलीसाठी काय नाही केलं? आणि ती पहिल्यांदा बोलली कोणाशी, तर टोपलीशी. खोटं कशाला बोलू, मला राग आधी आला. आनंद झाला, भरपूर झाला, पण तो रागाच्या मागून आला. मी पल्लवीला विचारलं, “तुझ्या त्या यंत्रात असं काय आहे गं, की तिला त्याच्याशी बोलावंसं वाटलं?” ती म्हणाली, “बाई, त्याला शेपूट ठाऊक नव्हतं ना. म्हणून तिला सांगावंसं वाटलं. तुम्हाला सगळं ठाऊक असतं.”

हे ती मला टोचायला बोलली नव्हती. पण लागलं. नंतरचा आठवडा मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिला वाटलं माझे गुडघे दुखताहेत. दुखत होतेच, पण ते नेहमीच दुखतात. मग हळूच एक दिवस मी दिशाला म्हटलं, “मला नाही माहीत, तूच सांग, अंडं आज कुठे आहे?” तिने माझ्याकडे जरा संशयाने बघितलं, आणि सांगितलं. हे मी फोनकडून शिकले, असं मी या माईकसमोर कबूल करणार नाही. तेजलताई, तुम्ही लिहून घेऊ नका.

आता शेवटचं, आणि आजचंच. मघाशी सभागृहाच्या मागे चहा चालला होता. भागीबाई आणि मी बाकावर बसलो होतो, पल्लवी शेजारी उभी होती. मला वाटलं, फोन राहू दे बाजूला, ही पल्लवी तरी माझ्या शेपटांवर वाढली आहे. भागीबाईंना मी रोज संध्याकाळी कानात शेपूट द्यायचे, त्या सिमेंटने पांढरे झालेले हात पदरात लपवून ऐकायच्या, मान हलवायच्या. तेवढ्याच आधारावर मी म्हटलं, “भागीबाई, कोंबडीचं शेपूट आठवतं का?”

त्या हसल्या. म्हणाल्या, “बाई, तुमचं बोलणं तवा मला कुठं समजं. मी निसती मुंडी हालवं. मंग वाटंनं माझ्याच मनचं सांगं.”

“काय सांगायचात?”

“कोंबडी यष्टीच्या टपावं बसली, पेठला गेली, आन् आपल्या घरी नागलीच्या कणगीत अंडं घातलं. आपुन जाऊस्तोवर ते तिथंच राहील म्हणं.”

माझा चहा निवला. मी पल्लवीकडे बघितलं. ती म्हणाली, “बाई, मला तर तेच ठाऊक होतं. डब्याच्या पिशवीचं मला मोठी झाल्यावर, इथे कामाला लागल्यावर कळलं.” म्हणजे बघा. पत्र्याच्या खोपटात राहणारी ती एवढीशी पोर रोज झोपताना काय समजून झोपत होती? की घरी, डोंगरात, नाचणीच्या कणगीत आपलं एक अंडं ठेवलेलं आहे. ते माझ्या शेपटाने नाही झालं. माझं शेपूट त्यांनी फाटकाबाहेरच सोडून दिलं होतं, आणि बरं केलं.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मला हेवा नक्की कोणाचा वाटतो. फोनचा नाही. तो बिचारा माझ्यासारखाच, गोष्ट सांगतो आणि फाटकाच्या आत राहतो. पल्लवीचाही नाही, तिच्यावर मी उगाच जळले, पल्लवी, राग मानू नकोस. मला हेवा वाटतो तो भागीबाईंचा. सायलीचा. शेखरचा. इथे बसलेल्या तुम्हा सगळ्यांचा. एवढी वर्षं मी शेपटं वाटली, पण फाटकाच्या पुढे त्यांचं काय होतं ते एकदाही ऐकलं नाही. तुम्ही वळणावर जायचात, पोराचा हात तुमच्या गालावर असायचा, तुमचे ओठ हलताना दिसायचे, आणि मी कडी लावून आत यायचे. मला मूल नाही. शेवाळे आणि मी, आम्ही त्याचं फार केलं नाही. पण त्या वळणाच्या पलीकडे काय बोलणं चालतं, ते मला कायम ऐकावंसं वाटलं, आणि ऐकायला मागायचा मला अधिकार आहे असं कधी वाटलं नाही.

आप्पांनी मघाशी जाहीर केलं की सोमवारपासून फोन आणि टोपली माझ्याकडे येणार. सवत माझ्याच पदरात. ठीक आहे, नांदवीन. त्याला रोज विचारीन आणि रोज त्याची एक तरी चूक काढीन. पल्लवी पेठच्या पाड्यांवर जाऊन तिथल्या ताईंना हेच शिकवील, तिथल्या बोलीत. तिथे बर्फाचा माणूस आला तर त्याला ती आल्या पावली परत पाठवील, याची मला खात्री आहे.

आता मी आवरतं घेते, कारण पेढ्यांकडे बघणाऱ्यांचा धीर सुटत चालला आहे. पण आमच्या घरच्या पद्धतीने पल्लवीला निरोप म्हणून एक गोष्ट. भोंग्याला घाबरणारी एक कोंबडी होती. ती सातपुरात आली तेव्हा कडेवर बसून आली. भोंग्याला घाबरली, रडली, मग हळूहळू त्याच्याच तालावर ओरडायला शिकली. इतकी, की तिच्या ओरडण्याने एक म्हातारी कोंबडी चिडायला लागली. एक दिवस ती आपली टोपली म्हातारीला देऊन, यष्टीत बसून परत डोंगराकडे निघाली. टपावर नाही, तिकीट काढून आत. दार उघडलं. कणगीत हात घातला. आणि?

बाळांनो, काय म्हणायचं?

बरोबर. शेपूट आईकडे.

भागीबाई, तुमच्या कानात सांगायला मी येणार नाही. तुम्ही तसंही ऐकणार नाही, नुसती मुंडी हलवाल. तुमच्या मनचंच सांगा.

मला बोलायला उभं केल्याबद्दल अध्यक्षांचे, जळणाऱ्या बाईला इतका वेळ ऐकून घेतल्याबद्दल पाहुण्यांचे आणि पालकांचे, आणि चुकांची कबुली कशी द्यावी हे दाखवून दिल्याबद्दल, चला, त्या फोनचेही आभार. बोलण्याच्या भरात कोणाला जास्त उणं बोलले असेन तर खिचडीतला खडा समजून बाजूला काढून ठेवा, बाकीचं गोड मानून घ्या.

आणि पल्लवी, भागीबाई, तुमची बस चुकू नये म्हणून कार्यक्रम संपल्यावर लगेच निघा. फक्त आज मी फाटकाशी थांबणार नाही. थांब्यापर्यंत तुमच्याबरोबर येणार आहे. तुम्ही दोघी बोला, मी मध्ये बोलणार नाही. जरा हळू चाला एवढंच, माझे गुडघे दुखतात, आणि मला एकही शब्द चुकवायचा नाही.